मुठीतला अंगठा

मंगळवार, संध्याकाळ. औरंगाबाद.

आज छावणीत करीमभाईंकडं गेलो. जायलाच नको होतं.

तरुणपणी त्यांची बॉक्सिंग बघूनच मी माझा ‘बिजलीबहाद्दर’ रचला. दिवसा बॉक्सर, अंधार पडला की तोंडावर मुखवटा. नऊ वर्षं चित्रकथा चालली. आता मासिकच बंद पडलं, म्हणून सगळे अंक बांधून त्यांना द्यायला नेले.

पहिलंच पान उघडून ते हसले. “मास्तर, ये क्या किया? ह्यानं अंगठा मुठीत कोंबलाय. असा ठोसा हाणला तर ह्याचाच अंगठा मोडंल.”

मग एकेक अंक उलटत गेले. सगळीकडं तोच अंगठा. हसू कधी मावळलं, कळलं नाही.

“मला एकदा विचारायचं व्हतं. इथंच तर राहतो मी.”

खरंच, नऊ वर्षांत एकदाही का गेलो नाही? मुखवटा चढवला आणि आतला माणूस विसरलो? आता तो अंगठा कुठल्या अंकात दुरुस्त करू?

काहीतरी बोलायचं म्हणून पेन्सिल काढली. म्हटलं, “खरी मूठ दाखवा ना.”

त्यांनी डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर ठेवला. अर्धांगवायूनं तो गेलाय, हे मला तेव्हा कळलं. डाव्या हातानंच त्यांनी एकेक बोट दुमडलं. अंगठा काही बाहेर राहीना, सारखा आत सरकायचा. शेवटी तसाच राहू दिला.

“काढा मास्तर,” म्हणाले. “आता तुमचं चित्र बरोबर हाय.”