आईला पाठ असलेले आवाज

सोमवार, ४ मार्च

तीर्थस्वरूप दादा,

नमस्कार. आम्ही बऱ्या आहोत, तूही बरा असशील. अकरा वर्षांनी पत्र लिहिताना याच्यापुढे काय लिहायचं ते सुचेना, म्हणून आधी शनिवार-रविवारचं सांगते. दोन दिवसांत दोन समारंभ झाले. पाय सुजलेत, आणि तोंडात घातलेलं बोट अजून निघालेलं नाही.

शनिवारी आत्याचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता. आत्या ती आत्याच. स्वतःच्याच वाढदिवसाला वाढपी झाली आणि कोण कमी जेवलं म्हणून बोंब मारत फिरली. काकांनी नेहमीचं भाषण केलं, फक्त वयाचा आकडा बदलून. सगळ्यांचा फोटो काढताना फोटोग्राफर म्हणाला, "इकडे बघा," आणि आई खिडकीकडे बघून हसली. आत्यानं हळूच तिची हनुवटी वळवली. फोटो छान आलाय.

दादा, आईला आता दिसत नाही. दीड वर्ष झालं. तुला कळवायला हवं होतं. पण तुमचं दोघांचं बोलणं बंद, मी कशाला मध्ये पडू, असं म्हणून मी हात झटकले.

रविवारी जुन्या टेलिफोन एक्स्चेंजचा मेळावा होता. इमारत पाडणार आहेत, म्हणून आईसकट सगळ्या ऑपरेटरना आणि गावात तेव्हा घरी-दुकानी फोन असलेल्यांना बोलावलं होतं. आई यायलाच तयार नव्हती. "आंधळीला कोण ओळखणार?" म्हणे. मी ओढून नेलं. दारातच थबकून तिनं विचारलं, "बोर्ड काढला का गं? आवाज घुमतोय." खरंच, नंबर जोडायचा तो मोठा बोर्ड होता तिथे भिंतीवर नुसती स्क्रूंची भोकं उरली होती.

पहिला आला लाकडाच्या वखारीवाला. "ओळखलंत का बाई?"

"तीनशे बारा," आई म्हणाली. "तुमची मुलगी लांब शिकायला होती. ट्रंक कॉल लागेपर्यंत जीव टांगणीला लागायचा तुमचा."

म्हातारा बघतच राहिला. त्या दोघांनी एकमेकांना कधी पाहिलंच नव्हतं!

मग रांगच लागली. डॉक्टर झाले, मास्तर झाले. तीस वर्षांनंतर, नुसत्या 'हॅलो'वर आई नंबर सांगत होती. बेकरीवाल्याला आवाज बदलून बोलायची हुक्की आली, तर म्हणते, "दोनशे चाळीस, घसा का आवळताय?" सगळी खोली हसली. शेवटी एक उंच बाई आल्या. त्यांना बोलवेचना, नुसत्या उभ्या राहिल्या. आईनं मान कलती केली. "एकशे सात. तुम्ही आधी मोठा श्वास घ्यायचात, मग नंबर मागायचात." बाई आईच्या गळ्यातच पडल्या.

जिला मी हाताला धरून न्हाणीघरापर्यंत नेते, तिच्याजवळ अख्खं गाव होतं, आणि मला पत्ताच नव्हता.

घरी आलो आणि सात वाजता फोन वाजला. महिन्याचा पहिला रविवार. मी उचलला, पलीकडे कुणी बोललं नाही, आणि नेहमीसारखं "राँग नंबर" म्हणून मी ठेवून दिला.

आता कबूल करते. तो तू असतोस, हे मला पहिल्यापासून माहीत आहे. आईला त्रास नको म्हणून ठेवते, असं मी स्वतःला सांगायचे. खरं म्हणजे मला राग होता. तू भांडून मोकळा झालास, सगळं माझ्या गळ्यात आलं, आणि वर महिन्यातून एकदा तुला घराचा कानोसा हवा. तेवढाही मिळू द्यायचा नाही, इतकी मी खुनशी झाले होते.

आई चपला काढत होती. म्हणाली, "राँग नंबर महिन्याच्या महिन्याला, सातच्या ठोक्याला येत नाही गं. मी ऑपरेटर होते."

मी तिच्या चपला उचलून कोपऱ्यात ठेवल्या.

"तुझा आवाजसुद्धा ऐकायचा नाही मला, असं मीच म्हटलं होतं त्याला," ती म्हणाली. "बघ, पोरगं अजून पाळतंय." आणि तिथेच पायरीवर बसून रडली. आईला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी मी फोनजवळ नसेन. तिची खुर्ची तिथे सरकवली आहे, तीच उचलेल. तू गप्प राहिलास तरी ती ओळखेल, यात मला आता शंका नाही. पण दादा, तिला नुसतं ओळखायचं नाहीये. बोल.

इतकी वर्षं तुझी लाइन तोडत आलेली,
धाकटी