बिनशेपटीचा ह

तीर्थरूप दादास,

धाकटीचा ओल्या केसांनी नमस्कार. (केस ओले का, ते पुढे येईलच. घाबरू नकोस, मी धडधाकट आहे.) तुझी पाठ कशी आहे? डॉक्टरांनी पाठीसाठी तुला पोहायला सांगितलं, तर तू डॉक्टरच बदललास, असं वहिनीकडून कळलं. धन्य आहे तुझी! पण मी त्यावर काही बोलणार नाही, कारण गेल्या आठवड्यात मी जे दिवे लावलेत ते वाचून तूच मला बोलशील. फोन केला असता, पण फोनवर तू 'बरं, ठेवतो' म्हणून मोकळा होतोस. पत्राला तसं म्हणता येत नाही.

छापखान्यात माझ्या टेबलासमोर लावलेलं ते कात्रण आठवतं ना? पोहण्यातली देशाची विजेती, एक हात पाण्याबाहेर, तोंड तिरकं, श्वास घेताना. लहानपणी तुझ्या भूगोलाच्या वहीतून ते खाली पडलं आणि मी लंपास केलं. तेव्हापासून ती बाई माझं दैवत. आता मला पोहता येत नाही, बादलीत तोंड घालायचं म्हटलं तरी मी दोन पावलं मागे सरते, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक? पण आदर्श ठेवायला पोहता यावं लागतं असं कुठे लिहिलंय? ती तीन हात मारून एकदा श्वास घेते, असं त्या चित्राखाली छापलं होतं. मी प्रुफं वाचताना तीन ओळी वाचते आणि एकदा मान वर करून श्वास घेते. अशी अठरा वर्षं काढली, हजारो पानं या काठावरून त्या काठाला नेली, आणि एकही चूक सुटू दिली नाही. (एक सुटली होती. दातांच्या डॉक्टरांच्या जाहिरातीत 'विनावेदना दात काढून मिळतील'च्या जागी 'विनाकारण' गेलं. पण ती टाइप करणाऱ्याची चूक, माझी नव्हे.)

तर मागच्या सोमवारी मालकांनी हाताने लिहिलेली एक नोटीस फिरवली. समोरच्या छापखान्याशी आपली पोहण्याची शर्यत, शनिवारी सकाळी सहा वाजता, नगरपालिकेच्या तलावावर, आणि बक्षीस द्यायला (दादा, आधी खाली बस) तीच! माझी ती! खाली एक ओळ होती: 'शनिवारी कोणाकोणाला पोचता येईल, नावापुढे लिहावे.' बघते तर जवळजवळ सगळ्यांनी 'नाही' लिहिलेलं. मला असा राग आला! एवढी मोठी बाई येणार आणि या लोकांना एक दिवस लवकर उठवत नाही? मी ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'हो! आणि सगळ्यांच्या आधी!' मालकांच्या हला शेपटी नसते, हे मी अठरा वर्षं जाणते. त्यांची 'हरकत' मला 'चरकत' दिसते आणि मी निमूट सुधारते. पण त्या दिवशी तिचं नाव वाचलं आणि माझं भानच हरपलं.

दुपारी मालकांनी सगळ्यांना बोलावून जाहीर केलं की शर्यत चौघाचौघांची आहे, एकाने पलीकडे पोहून काठाला हात लावला की तिथून दुसऱ्याने निघायचं, आणि शेवटी पोहणार आपल्या बाई! भिंतीवर ते चित्र काही उगाच लावलेलं नाही, असंही म्हणाले. बाइंडरने टाळ्या वाजवल्या. पोहता येत नाही म्हणावं, तर 'हो' का लिहिलं? 'पोहता'चं 'पोचता' वाचलं म्हणावं, तर अठरा वर्षांची अब्रू एका ओळीत जाणार. प्रुफं वाचणारीने हचा च वाचला! नाक कापलं जाण्यापेक्षा नाकात पाणी गेलेलं परवडलं, असं मी ठरवलं. तुझ्या मेहुण्यांपुढे रडले, तर ते म्हणाले, साबण घेऊन जा.

शनिवारी तलावावर कळलं की तलाव आडवा ओलांडायचाय आणि पाणी छातीपर्यंतच आहे. लगेच मला नामी युक्ती सुचली. वर हात तिच्यासारखे मारायचे आणि खाली सरळ चालायचं! मशीनवाले काका धापा टाकत काठाला टेकले, मी शिडी धरून उतरले (उडी मारतात म्हणे, मी नाही मारली) आणि निघाले. वरून विजेती, खालून भाजी आणायला निघालेली बाई. अर्ध्यापर्यंत मी चक्क पुढे होते, दादा! आमचे लोक नुसते बेंबीच्या देठापासून ओरडत होते. आणि मी भलत्याच बाजूला वळले, तिथे उतार लागला. पायाखालची जमीन सरकली, हे वाक्य मी हजार वेळा तपासून दिलंय. त्या दिवशी ते खरं झालं.

मी खाली गेले आणि मला आपली नदी आठवली. मी नऊ वर्षांची, तू चौदाचा. तू मला पोहायला शिकवत होतास, हात सोडलास आणि मी गडप. लोकांनी मला ओढून काढलं, घरी तुला मार बसला, आणि त्यानंतर आपण दोघं त्यावर एक अक्षर बोललो नाही. आता ऐक. या वेळी मला कोणी ओढलं नाही. काही कळायच्या आत मी आपली वर! डोकं बाहेर, श्वास आत. माणूस वर येतो रे! पाणीच ढकलतं त्याला. इतकं हलकं वाटलं की काय सांगू. मग मी दोन हात मारले (खरे) आणि काठाजवळच्या दोरीला जाऊन लटकले.

आमचा दुसरा नंबर आला. (संघ दोनच होते.) काठावर येऊन मी सगळं ओकून टाकलं, पाणीसुद्धा. मालक म्हणाले, ह आहे. मी म्हटलं, च आहे. नोटीस त्यांच्या खिशातच होती, तेव्हा निवाडा बक्षीस द्यायला आलेल्या तिच्याकडे गेला. जवळून ती चांगलीच बुटकी निघाली, गळ्यात चष्म्याची दोरी. पाण्यातून आरपार दिसतं हे मी विसरले होते; तिने माझं चालणं पहिल्या पावलापासून बघितलं होतं. तिने चष्मा चढवला, कागद उजेडात धरला आणि म्हणाली, "च आहे." सगळे पोट धरून हसले, मालकही हसले, आणि माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. हुश्श! मी सोबत आणलेलं कात्रण पुढे केलं. तिने त्यावर लिहून दिलं, 'पोहत राहा'. किंवा 'पोचत राहा'. तिच्याही हला शेपटी नाही. मी ते सुधारलेलं नाही.

तुझी,
न बुडालेली धाकटी

ता. क. वहिनीला मी 'पोहले' असं कळवलंय. तू त्यात दुरुस्ती करू नकोस. दोन हात म्हणजे पोहणंच.

ता. क. दुसरा. मी शिकायला नाव घातलंय. दर शनिवारी. आज पहिला दिवस झाला, म्हणून केस ओले. वर्गातला माझ्याखालोखाल थोरला विद्यार्थी आठ वर्षांचा आहे. अर्जात विचारलं होतं, काठावर घरचं कोण थांबणार? मी न विचारता तुझं नाव लिहिलं. त्या दिवशी तू माझा हात सोडलास तो सोडलास, पण त्यापायी पाणीच सोडून बसलास. किती सुंदर पोहायचास तू! ते कात्रणही मुळात तुझंच आहे. मी इतकी वर्षं नुसतं सांभाळलं.

ता. क. तिसरा, याच्यासाठीच पत्र. येत्या शनिवारी सकाळी सहाला पोचता येईल का? (च आहे. दोनदा तपासलाय. पण तू ह वाचलास तरी चालेल.)