मुदतीनंतरचा अंगठा

ता. ४ जानेवारी १९४४
अंगठ्याला शाई लावली आणि संतूने हात मागे घेतला.
"न्हाई मास्तर. थोरल्याचं पत्र येऊ दे."
शाई चड्डीला पुसली. अपिलाचा अर्ज तसाच.
संतू कराडकडचा. उसाच्या पाण्यावरून मारामारी, एक माणूस गेला, याला सात वर्षे सक्तमजुरी. काठी आपली नव्हती म्हणतो. माझा विश्वास आहे. थोरला भाऊ पलटणीत, इटलीत कुठेतरी. बाप गेल्यापासून घरचा शिरस्ता: कोर्टकचेरीच्या कागदाला थोरल्याआधी कोणी हात लावायचा नाही. त्याच्या पत्राची वाट पाहण्यात अपिलाची मुदत गेली.
मी चळवळीतला. मला सरकार कधीतरी सोडीलच. संतूला सुटका मागावी लागेल.

ता. ५
जेलरला विचारले.
"मुदत टळली. आता कसला अर्ज?"
म्हटले, उशीर माफ करायचा की नाही हे कोर्ट ठरवील. कैद्याने तुमच्या हाती कागद दिला की तो कोर्टात दिल्यासारखाच. तुम्ही पुढे धाडायचा, इतकेच.
"मास्तर, तुम्ही शाळेत कविता शिकवायचा ना?"
"हो. पोरं याहून जास्त वाद घालायची."
हसला. आणा म्हणाला.

ता. ७
उशिराचे कारण काय लिहायचे? बराकीत सांगलीचे एक वकील आहेत. त्यांचे मत: आजारी होता म्हणून लिहा.
संतू: "आजारी? आवं, भाकरी वाढणाऱ्याला इचारा की!"
सगळी बराक हसली. वकील चिडले.
मी खरे तेच लिहिले. घरचा कर्ता भाऊ लढाईवर, त्याच्या संमतीसाठी थांबलो. एक वाक्य. वकील म्हणाले, कोर्ट हसेल. हसू दे. हसायला आधी वाचावे लागते.
अंगठा मात्र नाहीच.

ता. ११
भेटीचा दिवस. संतूची थोरली वहिनी आली. अर्ज समजावायला जेलरने मलाही बोलावले. इटलीचे पत्र नाही म्हणाली. संतूने मान हलवली, म्हणजे विषय संपला. तिचा संपला नव्हता.
"भावजी, बैल इकला तवा कुणाला इचारलंसा? ऊस लावला तवा? मलाच न्हवं?"
"कोर्टाचं येगळं, वैनी."
"येगळं कशानं? ते हितं न्हाईत तवर घरात थोरली मी हाय. मी सांगती, उठवा."
"आन् थोरला न्हाई म्हनला तर?"
"मला म्हनंल. तुमचं काय जातंय?"
जेलर खिडकीबाहेर बघत होता. मी शाई पुढे केली. संतूने अंगठा उठवला. पहिला फिसकटला, दुसरा स्वच्छ.
बराकीत आल्यावर पुन्हा वाचला. कारण बदलावे काय? थांबला होता हे खरेच. राहू दिले. वकिलांनी कागद मागून घेतला, उशीर माफ करण्याच्या कलमाचा आकडा घातला.
कोर्टाला हे ऐकावे लागेल. निदान वाचावे तरी लागेल.

ता. १२
सकाळी अर्ज मुंबईच्या टपालात गेला. वहिनी पहिल्या मोटारीने कराडला गेली. संतूला नेहमीप्रमाणे चक्कीवर नेले.