यादीत नाव नाही

१४ नोव्हें. ८८, धुळे
धुळ्याला त्यांच्याच मैदानावर हरवलं. शेवटच्या चढाईत दोघींना बाद करून परतले. गुडघा सोलला. राज्य कबड्डी निवड समितीचे दोन गृहस्थ मांडवात चिवडा खात होते. मी रेषेवर असताना एकजण बशीतले शेंगदाणे वेचत होता. हे आम्हाला पारखणार!
हार कप्तानाच्या, म्हणजे मंगलाच्या गळ्यात. जिल्हा संघटनेच्या सेक्रेटरींची पुतणी. सबंध सामन्यात एक पकड नाही. वेणी मात्र शेवटपर्यंत सुटली नाही.

१९ नोव्हें., एरंडोल
यादी लागली. धुळ्याच्या राज्य निवड शिबिराला आमच्या जळगाव संघातून दोघी. मंगला, आणि कोपरा सांभाळणारी सुमन. मी नाही. सरांना विचारलं तर म्हणाले, वरून आलंय. सरांचं सगळं वरूनच येतं. सहा वर्षांत शिट्टी वाजवण्यापलीकडे तोंड उघडलेलं नाही.
घरी आई म्हणते, “आते बस व्हयनं ते खेळनं. बठ्ठा गाव हासस.” गावाला माझ्या हाफपँटपलीकडे काही दिसलेलंच नाही. हसू दे.
भास्करदादा भलताच गोड. जिलबी आणली. कशाबद्दल?

२३ नोव्हें.
मंगला जळगावहून घरी आली. वाटलं, मिरवायला. तिने पिशवीतून एक पत्र काढलं. ‘माझे लग्न ठरत असल्याने शिबिरास येऊ शकत नाही.’ खाली माझी सही. काकांच्या कपाटातून उचललं म्हणाली.
मी हे लिहिलेलं नाही. अक्षर दादाचं. सही हुबेहूब. लहानपणी पाटीवर त्यानेच गिरवून घेतली होती.
ती म्हणाली, “तू नसलीस तर मी तिथे पहिल्याच दिवशी उघडी पडेन.” मला हसू आलं. ती हसली नाही. पाच वर्षं तिला बाहुली म्हणत आले. आहेच. पण बाहुलीने चोरी केली, माझ्यासाठी. सरांना तेवढंही...

२४ नोव्हें.
दादाला पत्र दाखवलं. वर न बघता म्हणाला, चोपड्याचं स्थळ आहे, त्यांना उड्या मारणारी नको. त्याला मला तोंडावर सांगायचं धैर्य नव्हतं, म्हणून माझ्याच नावाने लिहिलं. भित्रा. चोपड्याच्यांना हा चालतो कसा, विचारायला हवं.

२६ नोव्हें., जळगाव
पत्र सेक्रेटरींच्या टेबलावर ठेवलं. कुणी लिहिलं, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. ते परत करून नवा कागद पुढे सरकवला. पालकांची सही आणा, मग बघू. मला बावीस संपत आलं. आडदांड पोरींच्या घोळक्यात एकटी जाते तेव्हा पालक लागत नाही. धुळ्याच्या एस.टी.त बसायला लागतो.

२७ नोव्हें.
आबा कापूस वेचून आले, तेव्हा सगळं सांगितलं. दादाचं पत्रही दिलं. दोन्ही कागद सावकाश वाचले. मी ओरड्याच्या तयारीत. म्हणाले, “मी तुना खेळ कधी देखा नही. पहिले देखसू.”
दादा ताटावरून उठला. आबांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. आईने भाकरी झाकून ठेवली.
सहा वर्षांत नाही बघितला, आता बघणार. उपकार.

२९ नोव्हें.
आबा जळगावला सरावाला आले. धुवट टोपी, वहाणा हातात. मैदानात वहाणा कशा घालायच्या म्हणे. सेक्रेटरींनी खुर्ची दिली, पेनही पुढे केलं. दोन्ही नको म्हणाले. उन्हात उभे राहिले.
आबांसमोर हाफपँटमध्ये. पहिल्या चढाईत दम तुटला, पकडले गेले. लाज वाटली, त्याचा रागच आला. मग नीट खेळले. सुमनला दोनदा बाद केलं, मंगलाला किती वेळा ते मोजायला नको.
परतीच्या एस.टी.त बसलो. कागद घडी करून बंडीच्या खिशात. पाळधी आल्यावर म्हणाले, “ती उच्ची पोर तुले का बरं धरी शकनी नही?”
सांगितलं. सुमन आधी हात टाकते, पाय मागून येतात; मी तिचे पाय बघते. आबांनी पुन्हा विचारलं. समोरच्या बाकाच्या पाठीवर बोटांनी दाखवलं. एरंडोल येईपर्यंत तेच चाललं होतं.
सहीचं बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. बंडी आता खुंटीवर आहे, कागद खिशातच. उद्या शिबिर सुरू; सकाळी सातची धुळे गाडी.