आमच्या बागेत गोचिडी नाहीत

नागपूर,
२६ मे (नवतपाच्या नऊ तापत्या दिवसांतला दुसरा)

ती. यमुमावशीस,
अस्मिताचा साष्टांग नमस्कार.

होळीनंतर तुला एक ओळही लिहिली नाही, त्याची आधी माफी मागते. वेळ मिळाला नाही असं लिहिणार होते. पण रोज झोपण्यापूर्वी मी रोजनिशी लिहिते हे तुला माहीत आहे, आणि जिला स्वतःला लिहायला वेळ मिळतो तिला मावशीला लिहायला का मिळू नये, याचं उत्तर मला सापडलं नाही. तेव्हा कारण न देता नुसतीच माफी. फोन केला असता, पण फोनवर तू निम्मं ऐकतेस आणि उरलेलं निम्मं आपल्या मनाने भरतेस. मागच्या खेपेला मी कूलर बंद पडल्याचं सांगितलं आणि तू साऱ्या पारशिवनीत तुझ्या जावयाची, गिरिधरची, तब्येत बरी नसल्याची बातमी पोचवलीस. (तो बरा आहे. कूलरही.)

तुझे गुडघे कसे आहेत? चांदी व्यायली का, आणि गोऱ्हा की कालवड? मुगवड्या पोचल्या, निम्म्या संपल्याही. आणि गुढीपाडव्याच्या सुमारास मी मागितलं म्हणून तू भाजीच्या गाडीवरून जे दोन पोती भाताच्या काडाचं तणस पाठवलंस, ते बागेतल्या नव्या रोपांच्या आळ्यांत पसरलंय. या उन्हातही खाली ओल टिकते. रोपं जगली ती तुझ्यामुळे, हे मी सगळ्यांना सांगत असते.

आमच्या कॉलनीची बाग तू पाहिलेली आहेस. (पाहून तू "एवढीशीच?" म्हणाली होतीस. ते मला लागलं होतं, पण ते असो.) भिंतीजवळ एक बहावा, दोन कडुनिंब, एक म्हातारा करंज आणि मधे जेमतेम हिरवळ. पण या दिवसांत भल्या पहाटे तिथे येऊन बस. शहर अजून तापायचं असतं. बहाव्याचे पिवळे घोस इतके खाली आलेले असतात की बाकावर बसलं की केसांत पाकळ्या पडतात. तांबट कुठेतरी आत बसून एकाच सुरात ठोके देत असतो, सातभाईंची भांडणं चाललेली असतात, आणि एक हळद्या आहे, तो बहाव्यात शिरला की फूल कुठलं आणि पक्षी कुठला हे कळेनासं होतं. पुढचा सबंध दिवस खिडक्या बंद करून कूलरपुढे काढायचा असतो, म्हणून ती पहाटेची घटका मला वर्षातल्या सगळ्या सुट्ट्यांहून मोठी वाटते. आता खरं सांगायचं तर तिथे मुंगळे आहेत. चिलटं डोळ्यांत जातात. करंजावर केसाळ सुरवंट असतात आणि त्यातला एक माझ्या थर्मासवरून आरामात चालत गेला. म्हणून मी सलवार मोज्यांत खोचते, हातापायांना कडुनिंबाचं तेल चोळते आणि तोंडाला दुपट्टा बांधते. अशी सजून तू निसर्गाचा आनंद घ्यायला निघतेस की दरोडा घालायला, असं गिरिधर विचारतो. पण मावशी, निसर्ग आवडतो म्हणायचं आणि त्यातलं फक्त आपल्या सोयीचं तेवढं निवडून घ्यायचं, हे अप्रामाणिक नाही का? मला मुंगळा आवडत नाही. मुंगळ्याला ती बाग का आवडते, ते मात्र मी समजू शकते.

हे आनंदरावांना समजत नाही. आनंदराव म्हणजे आमच्या बाग समितीचे अध्यक्ष. वीज खात्यातून निवृत्त झाले आणि आता हास्यक्लब चालवतात. ऊन पडायच्या वेळेला दोन्ही हात वर करून ते असे हसतात की सातभाईसुद्धा गप्प होतात. (आरोग्यासाठी हसणाऱ्या माणसाबद्दल मनात राग ठेवू नये हे मला कळतं. माझे प्रयत्न चालू आहेत.) गेल्या आठवड्यात त्यांनी फाटकावर सूचना लावली: बागेत गोचिडी झाल्या असल्याने, सभासदांच्या आरोग्याचा विचार करून, सर्व हिरवळ काढून तेथे गट्टू बसवण्यात येतील. गट्टू म्हणजे ते सिमेंटचे लाल-पिवळे ठोकळे. आमच्या शहरात पायवाट, देवळाचं अंगण, शाळेचं मैदान, सगळीकडे तेच. सूर्य मावळून जेवणंखाणं झाली तरी त्यांच्यावर अनवाणी पाय ठेववत नाही. आणि बहाव्याची मुळं गट्टू उचलतील, शिवाय शेंगांचा कचरा होतो, म्हणून बहावाही तोडायचा! अगं, गोचीड काय बहाव्याला लागते? उद्या कुणाच्या डोक्यात उवा झाल्या तर टाळूवर गट्टू ठोकणार आहेत का हे लोक? मी तशीच त्यांच्या घरी गेले आणि या बागेत थोडा तरी निसर्ग राहू द्या म्हणून सांगितलं. तर ते म्हणाले, "निसर्ग पाहाचा असन तं पेंचले जा ना मॅडम, जिप्सी भेटते." आणि वर मला पन्हं दिलं. ते मी प्यायले. (रागावलेल्या माणसाने पन्हं प्यावं का, यावर परतताना मी बराच विचार केला. पण बाहेर ऊनच तसं होतं.)

काल संध्याकाळी बागेतच सभा झाली. सभेत बोलायची मला सवय नाही, तरी उभी राहिले. मी म्हणाले, गोचिडी हा निव्वळ बहाणा आहे, ज्यांना झाडलोट नको त्यांना झाडच नको असतं. मी म्हणाले, मी रोज याच गवतावर बसते आणि आजवर माझ्या अंगावर एक गोचीड चढलेली नाही. (बोलताना मनात आलं होतं की "चढलेली नाही" म्हणावं की "चढलेली दिसली नाही". दुसरं जास्त खरं होतं. पण सभेत जास्त खरं बोलायला सवड नसते.) लोक माना डोलवू लागले. मागे बायकांनी टाळ्या वाजवल्या. मला जरा स्फुरण चढलं आणि मी हात उंचावून शेवटचं वाक्य म्हटलं, आमच्या बागेत गोचिडी नाहीत! तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या अंजनाबाई उठल्या. या म्हाताऱ्या बाई माझ्याच बाजूच्या, बहाव्यासाठी माझ्याही आधी भांडलेल्या.

"हालू नको वं पोरी," त्या म्हणाल्या. "तुह्या मानेवर गोचीड चढून राहिली."

चिमटीत धरून त्यांनी ती रांगेने प्रसादासारखी सगळ्यांना दाखवली. तिळाहून जराशी मोठी. आनंदरावांनी चष्मा लावून पाहिली आणि ते हसले. ते क्लबातलं हसू नव्हतं, खरं होतं. इतक्या वर्षांत त्यांना खरं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि कबूल करायला हवं, चांगलं हसतात. "आता काय म्हनता मॅडम? हे बी आमीच सोडली काय?"

मी दुपट्टा झटकत होते. पण अंजनाबाईंनी तिथेच कमरेवर हात ठेवला. "म्हशीले गोचीड लागली तं म्हैस कापता काय गा आनंदराव?" आनंदरावांनी चष्मा काढून खिशात ठेवला. शेवटी असं ठरलं, की गोचिडी कुठून आल्या आणि कशा जातील हे आम्ही येत्या रविवारपर्यंत दाखवावं. नाही दाखवलं तर सोमवारी गट्टूचा ट्रक फाटकात उभा.

तेव्हापासून माझ्या डोक्याची काहिली झाली आहे. आल्या तरी कुठून? भटकी कुत्री म्हणावी तर फाटकाला कुलूप असतं. शेजारच्या उन्नतीचा पांढरा कुत्रा म्हणावा तर त्याला माझ्यापेक्षा जास्त वेळा आंघोळ घालतात. आनंदरावांनीच आणून सोडल्या असतील असाही संशय येऊन गेला. तो मी लगेच मागे घेतला. (लगेच म्हणजे रात्रीच्या जेवणानंतर.) कोणीतरी निष्काळजी माणसाने त्या बाहेरून आणल्या हे नक्की, आणि आता त्याच्यापायी एका फुललेल्या झाडाचा जीव जातोय. असा माणूस सापडला तर त्याला त्या गट्टूंवर भर दुपारी अनवाणी उभं करावं, असं मला मनापासून वाटतं.

असो. हे सगळं केवळ मन मोकळं करायला लिहिलं, दुसरा काही हेतू नाही. तुझी सून हिमानी इथे लग्नाला आली आहे, ती उद्या दुपारी परत निघते, तिच्या हाती पत्र देते. उन्हात फिरू नकोस.

तुझी,
अस्मिता

ता. क. : दुसरा एक हेतू आहे. तुझ्या कोंबड्या चांदीच्या पोटाखाली शिरून गोचिडी टिपतात आणि चांदी आपणहून कान पुढे करते, हे मी तुझ्या गोठ्यात उभी राहून पाहिलंय. तेव्हा कृपा करून सहा-सात गावरान कोंबड्या रविवारच्या आत भाजीच्या गाडीवर बसवून दे. त्यांना कोणी खाणार नाही याची हमी देते. (माझ्यापुरती. गिरिधरची देता येत नाही.) कोंबडा पाठवू नकोस, पहाटे आरवायला आनंदराव पुरेसे आहेत.

ता. क. २ : पाकीट चिकटवण्याआधी गिरिधरने वरचा मजकूर वाचला. "म्हणजे मावशीच्या गोठ्यात गोचिडी हायेत," तो म्हणाला. मी म्हटलं, असणारच, कुठल्या गोठ्यात नसतात? त्याने पत्राची घडी घातली आणि शांतपणे विचारलं, "अन् तणस कुठून आलं होतं वं?" मी त्याला सांगितलं, की हा माझ्या माहेरच्या माणसांचा अपमान आहे. मग बागेत जाऊन एका आळ्यातलं तणस काडीने उचलून पाहिलं. काय दिसलं ते लिहीत नाही. तुला माहीत असेलच, नसेल तर चांदीला विचार.

मला तुला दोष द्यायचा नाही. (थोडा द्यायचा आहे. पण तणस मागितलं मी, न झटकता पसरलंही मीच.) आणि शांतपणे पाहिलं तर ही बहाव्याच्या बाजूचीच गोष्ट आहे. दोन पोत्यांतून आलेलं दोन पोत्यांतून बाहेर नेता येतं, त्याला गट्टू लागत नाहीत. रविवारी समितीला हेच तर हवं आहे. फक्त ती पोती कोणाची, हे कोणीतरी उभं राहून सांगायला हवं. तुझं नाव घेणार नाही, "एका नातेवाइकांकडून" एवढंच म्हणेन. वर त्या निष्काळजी माणसाला भर दुपारी गट्टूंवर उभं करायचं जे लिहिलंय, ते खोडणार होते. पण लिहिताना ते खरं वाटत होतं, म्हणून राहू दिलं. गवतात पसरल्या त्या काही परत पोत्यात येणार नाहीत, तेव्हा कोंबड्या तरीही पाठव.

(पुढची ओळ रोजनिशीतली, सवयीने इथेच उतरली.) उद्याचे काम : आनंदरावांना तणसाचे सांगणे, हास्यक्लब सुरू होण्यापूर्वी.