खंडेनवमीचा क्रॉसबो

बुधवार, १ ऑक्टोबर, सकाळ

खंडेनवमी. आईंचा, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, ओजसच्या आईंचा, भारतातून व्हिडिओ कॉल. घरातली हत्यारं-अवजारं पूजेला मांड म्हणाल्या. मी बेसमेंटमधल्या टेबलावर कॅलिपर, ड्रिल, टॉर्क रेंच आणि लॅपटॉप मांडले. ओजसचा क्रॉसबोही मांडला, म्हणजे बंदुकीसारखा दस्ता आणि ट्रिगर असलेलं धनुष्य. हरणांच्या शिकारीसाठी त्याने तो घेतला. ऑगस्टमध्ये ओजस त्याच्या मित्राकडे, प्रसन्नकडे राहायला गेला, क्रॉसबो इथेच राहिला. मी तो टाकून दिला नाही, कारण कचरावाले असल्या वस्तू घेत नाहीत.

आईंना यातलं काही माहीत नाही. ओजस मेक्सिकोच्या प्लांटला गेलाय असं मी सांगते. तोही तेच सांगतो. एवढ्या एका मुद्द्यावर आमचं एकमत आहे.

आई म्हणाल्या, हे धनुष्य असं मलूल का दिसतंय, मोडलंय का? दोरी ताणलेली नसेल तर त्याला शस्त्र कसं म्हणायचं? मुद्दा बरोबर होता. ओजसला दोरी ताणायचं हँडल फिरवताना मी पाहिलं होतं. तसं फिरवलं. दोरी मागे येऊन खटक्यात बसली. बाण लावला नाही. हळदकुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. आई खूश.

संध्याकाळी दोरी उतरवून ठेवेन. मी रोज गाड्यांच्या दारांचे लॅच टेस्ट करते. हाही एक लॅचच.

त्याच दिवशी, संध्याकाळ

मॅन्युअल वाचलं. बाणाशिवाय ट्रिगर दाबायचा नाही. दोरीचा सगळा जोर धनुष्यातच जिरतो आणि ते फुटतं. बाण लावून टार्गेटमध्ये सोडता येतो, पण आमच्या बॅकयार्डनंतर लगेच शेजाऱ्यांचं ट्रॅम्पोलिन आहे. उरला एकच मार्ग. हँडलचे हुक दोरीला अडकवायचे, ताण हँडलवर घ्यायचा, सेफ्टी, म्हणजे ट्रिगरचा अडसर, पुढे ढकलायची, ट्रिगर दाबून धरायचा आणि हँडल सावकाश उलटं फिरवायचं. या मॉडेलमध्ये तशी सोय आहे.

सेफ्टी हलत नाही. आत हळद वाळली आहे. बहुधा तांदळाचा एक दाणाही आहे.

गुरुवार, २ ऑक्टोबर

दसरा. ऑफिसच्या भाषेत कंटेनमेंट अ‍ॅक्शन, म्हणजे तात्पुरता बंदोबस्त म्हणून बेसमेंटच्या दाराला खुर्ची लावली. रूट कॉज, म्हणजे मूळ कारण: हळद. दोरी एका दिवसाहून जास्त ताणलेली ठेवू नये, असं मॅन्युअल म्हणतं. मॅन्युअल लिहिणारे मार्जिन ठेवतात. आम्हीही ठेवतो.

शेजारच्या पद्मिनीकाकू सोनं द्यायला आल्या. मंडळाची दिवाळीची तोरणं आमच्या बेसमेंटमध्ये आहेत, ती त्यांना बघायची होती. मुंग्यांचा स्प्रे मारलाय म्हणून सांगितलं. मग ओजसची चौकशी. मेक्सिकोत आहे म्हटलं. काकू म्हणाल्या, असं का, मला तर शनिवारी इंडियन ग्रोसरीत दिसला, फ्रोझन पराठे घेत होता. मेक्सिकोत मिळत नसतील बिचाऱ्याला.

मी चहा विचारला.

निघताना आवाज खाली आणून म्हणाल्या, अगं, बोलावून तरी बघ. विषय बोलावण्याचा नाही. तो निघाला तेव्हा मी जाऊ नको म्हणाले नाही, कारण त्याने मला विचारलं नव्हतं.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

आर्चरीच्या दुकानात फोन केला. माणसाने सगळ्यात आधी विचारलं, नवरा घरी आहे का? मी लॅच इंजिनीअर असल्याचं सांगितलं. तो म्हणाला, फारच छान, मग बोटं दोरीच्या वाटेत आणू नका, ताणलेला क्रॉसबो गाडीत घालून इकडे आणू नका, आणि हे आधी कोणी केलं असेल त्याला बोलवा. सभ्य माणूस. उपयोग शून्य.

चिमट्याने प्रयत्न केला. दाणा आणखी आत गेला. आता दिसत नाही, म्हणजे निम्मं काम झालं.

शनिवार, ४ ऑक्टोबर

अल्कोहोलचे थेंब सोडून सेफ्टी मोकळी झाली. सांगायचं म्हणजे, कोणाच्याही मदतीशिवाय. हुक लावले, ताण घेतला. ट्रिगर दाबला तर तो अर्ध्यावर अडकला. हँडलने हाताला झटका दिला आणि धनुष्यातून कर्र असा आवाज आला. मी सगळं होतं तसं सोडून वर आले. पळत आले असं म्हणता येणार नाही. जिना मी नेहमीच भरभर चढते. 

ओजसला मेसेज करायचं ठरवलं. निव्वळ टेक्निकल कारणासाठी. ‘क्रॉसबो ताणलेल्या स्थितीत आहे. कृपया सल्ला द्यावा.’ आधी ‘कृपया’ काढलं, मग परत घातलं.

उत्तर लगेच आलं. हात लावू नकोस, समोर उभी राहू नकोस, उद्या सकाळी येतो. मग वेगळा मेसेज, तुला लागलं नाही ना? नाही, असं कळवलं.

भरीत करून ठेवलं. वांगी खराब झाली असती. आजच आणली होती, पण वांग्यांचा भरवसा नसतो. बेडशीटही बदलली. शनिवारी बदलतेच मी.

रविवार, ५ ऑक्टोबर

ओजस आला. बारीक झालाय. क्रॉसबोवरचा सुकलेला झेंडू बघून हसायला लागला. मग विचारलं, माझ्या वस्तूची पूजा तू केलीस? मी म्हणाले, आईंची सूचना होती. त्याचं हसणं थांबलं.

पेपरक्लिप वाकवून त्याने दाणा काढला. ताण हँडलवर घेतला, ट्रिगर दाबून धरला आणि मला हँडलवर हात ठेवायला सांगितला. त्यावर स्वतःचा ठेवला. म्हणाला, घाई करू नकोस, जोर जाणवेल, पण सोडू नकोस. दोरी थोडी थोडी पुढे गेली आणि सैल पडली. धनुष्य शाबूत.

त्यानंतरही त्याचा हात तिथेच होता. ताण शून्य झालाय, आता हात काढायला हरकत नाही, असं मी निदर्शनास आणून दिलं. त्याने काढला.

भरीत आवडलं म्हणाला. ताट स्वतः धुतलं. क्रॉसबो केसमध्ये भरला. शिकारीचा सीझन सुरू झालाय, या वीकेंडला तो न्यायला येणारच होता म्हणे. म्हणजे माझ्या मेसेजमुळे त्याला जादा फेरी पडली नाही. बरं झालं.

गॅरेजमध्ये केस गाडीत ठेवून तो परत आत आला. त्याने विचारलं,

“रुचा, तुला काही म्हणायचंय का?”

“सेफ्टी एकदा सर्व्हिस करून घे.”

त्याने मान हलवली. गाडीतून त्याच्याकडचा आमच्या गॅरेजच्या दाराचा रिमोट काढून माझ्या हातात दिला आणि गेला.

बॅटरी संपली असणार, म्हणून दिला असेल. दार आतल्या बटणाने लावलं आणि रिमोट दाबून बघितला. दार पहिल्याच वेळी उघडलं.