पितृपक्षातलं विमान

मंगळ., ९ सप्टेंबर
संध्याकाळी दिवा लावला, पण आतल्या खोलीतून विमानांचा आवाज नाही. हे कॉम्प्युटर बंद करून नुसते बसलेले. गेममध्ये काल काहीतरी बदल आला म्हणे. ह्यांचं जुनं विमान हळू, पण जागच्या जागी वळायचं. आता वळायला केवढी जागा घेतं, तोवर मागचा येऊन पाडतो. तीनदा पडले. "वाट लागली विमानाची," एवढंच बोलले. चहा निम्मा ठेवला.
मला विमानाचं काही नाही. पण मनू न सांगता लग्न करून बोरिवलीला गेली, तेव्हापासून बाप-लेक बोलतात ते ह्या गेममध्येच. तेही "डावीकडे वळ", "मागे आहे तुझ्या", बस्स. ह्यांना कमी ऐकू येतं म्हणून स्पीकर लावतात, तेवढाच पोरीचा आवाज रोज मलाही स्वयंपाकघरात. देवा, एवढं तरी राहू दे.

बुध., १०
आजही बसले नाहीत. दुपारी मनूला फोन केला होता. म्हणाली, "आई, एखादं विमान फार जिंकायला लागलं की कंपनी त्याचं काहीतरी कमी करते. मागे पडलेल्यांना वाढवून देते. सगळ्यांना सारखं व्हावं म्हणून."
"मग आमच्याच विमानाचं कशाला?"
हसली. म्हणाली, दुसरं एक विमान आहे, ते आता सरसर वर चढतं. ह्यांचे पॉइंट जमलेत तेवढे, पैसे पडत नाहीत. "तू सांग ना बाबांना, घ्या म्हणून."
"तू सांग की."
"ते आले तर सांगेन ना गं."

गुरु., ११
सांगितलं. पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "पितृपक्षात नवीन काही घ्यायचं नाही, तुझाच नियम. मिक्सर जळला तो तरी आणू दिलास का?"
खलबत्त्यात लसूण-खोबरं कुटत होते तेव्हा.

शनि., १३
देवळात गुरुजींना विचारलं. त्यांनी विचारलं, वस्तू घरात येणार आहे का? म्हटलं, नाही हो, पडद्यावरच असते. "मग घेऊ दे की त्यांना. मिक्सर मात्र घटस्थापनेला आणा."
घरी येऊन सांगितलं तर हे म्हणतात, "गुरुजींना विमानातलं काय कळतं?" म्हणजे पितरांची अडचण नव्हतीच.
मी खोदून विचारलं नाही. जेवताना आपणहून बोलले. "मी जाणार वर, आणि ती खाली त्याच जुन्या विमानात. तिच्या मागे कोण बघणार?"
भात वाढायचा राहिलाच माझा.

रवि., १४
मनूला सांगितलं, बाबा असं म्हणाले. म्हणाली, "आई, ते वर चढणारं माझ्याकडे आधीपासून आहे. बाबांच्या शेजारून उडता यावं म्हणून जुनं चालवते मी. त्यांना नको सांगूस."
नाही सांगितलं. जपाला बसले, पण माळ नुसतीच फिरत होती.

मंगळ., १६
दिवा लावून वळते तर आत कॉम्प्युटर चालू. ते दुसरं विमान पडद्यावर काढून बसले होते. घेतलं नव्हतं. मनूच्या नावापुढे हिरवा ठिपका, म्हणजे तीही तिकडे बसलेली.
"तिला विचार, तिच्याकडे आहे का हे."
"तुम्हीच विचारा. माझे हात पिठाचे आहेत."
बोलायच्या बटणावर बोट ठेवलं. मग दाबलं. घसा खाकरला. "तुझ्याकडे आहे का गं हे विमान?"
"आहे, बाबा."
ह्यांनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, "कधीपासून?"
कुकरच्या शिटीत तिचं उत्तर बुडू नये म्हणून गॅस बारीक केला आणि दारात उभी राहिले.